सुमनचे फोन घेताना

लेखनाचा मला सराव नाही, पत्नीविषयी चारचौघांत बोलण्याचा तर मुळीच नाही. तरीही ही जागा अडवतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. सुमनला जाऊन काही आठवडे झाले. श्रीरामपूरच्या दवाखान्यात, आमच्या शेवटच्या भेटीत, तिने माझ्या जेवणाची चौकशी केली आणि उशाशी वाजणाऱ्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, घ्या की तो." अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे म्हटले की माझी जीभ जड होते... मी तो नर्सबाईंच्या हाती दिला. सुमन हसली.

साखर कारखान्याच्या कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. गळीत हंगामात बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकू लागत. ऊसतोडीची टोळी कधी येणार, हे विचारणारे शेतकरी, ट्रकवाले, व्यापारी. ती प्रत्येकाला थांबवी, पण थांबवून विसरत नसे. इतर लायनींवर बोलता बोलता पुन्हा त्याच्याकडे येऊन, आहे मी, विचारतेय, एवढे सांगून जाई. आपल्यालाही रांगेत ठेवले म्हणून एकदा चेअरमन रागावले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमचा ऊस केव्हाच तुटलाय." हे घरी सांगताना तिला हसू आवरत नसे, मला मात्र धडकी भरे.

ती निवृत्त झाली आणि कचेरीत यंत्राचा आवाज आला. अमक्यासाठी अमुक आकडा दाबा. माणसे आकडे दाबण्याऐवजी सुमनच्या मोबाईलवर फोन करू लागली. ते फोन अजूनही येतात. वाजणे थांबेपर्यंत मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो... गेल्या आठवड्यात मात्र तो थांबेचना, तेव्हा न राहवून उचलला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. उसाला तुरे आले होते, वजन घटत चालले होते, टोळीचा पत्ता नव्हता. "थांबा," एवढेच कसेबसे म्हणून मी फोन ओट्यावर ठेवला आणि माझ्या फोनवरून कारखान्याला लावला. यंत्राने या आकड्यावरून त्या आकड्यावर फिरवले, संगीत ऐकवले, आणि शेवटी एका कारकुनाने विचारले, गाव कोणते? ते मी बाईंना विचारलेच नव्हते. इतक्या वेळात त्यांनी फोन ठेवला असणार, असे धरूनच मी ओट्यावरचा फोन उचलला.

"हाय मी," त्या म्हणाल्या. "ताई थांबा म्हनल्या की परत येत्यातच. तुमी कोन?"

मी सांगितले. सुमन गेल्याचेही सांगितले. परक्या माणसाला ते सांगण्याची माझी पहिलीच वेळ. मग गाव विचारले, तेव्हा त्यांनी हळूच गावाचे नाव सांगितले. कारकुनाने टोळी पुढच्या आठवड्यात येईल म्हटले, ते मी त्यांना कळवले.

"न्हाई आली, तर तुमालाच इचारू ना?"

मी हो म्हणालो.

मुलगा म्हणतो, बाबा, हा नंबर बंद करून टाकू, तुम्हाला त्रास होतो. होतोच, फोन वाजला की अजूनही हातातला घास ताटात राहतो. टोळी आली की नाही, तेही मला अजून कळलेले नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर नंबर बंद केला असता का?