शिट्टीबाईंची आडवी फेरी

माझी मावशी नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नोकरीला आहे. बायकांच्या वेळेत दारावर पास बघायचे, अंघोळ न करता कुणी पाण्यात उतरत नाही ना यावर लक्ष ठेवायचं, आणि ओल्या फरशीवरून कुणी पळायला लागली की शिट्टी फुंकायची, हे तिचं काम. वीसेक वर्षं ती काठावरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसते आहे. बायका तिला शिट्टीबाई म्हणतात, अगदी तोंडावरही. आम्ही घरात म्हणतो, ही सगळ्यांना पाण्यात पाहते.

आमचं उपनगर बारा ठिकाणच्या माणसांचं. रस्त्याच्या एका अंगाला कामगारांच्या बैठ्या खोल्या, दुसऱ्या अंगाला उंच इमारती, आणि मधल्या बाजारात दुकानांच्या पाट्या चार लिप्यांत. कुणी कामासाठी आलेलं, कुणी घरदार सोडावं लागलं म्हणून आलेलं. गाडी कुणी कुठे लावली, कुणाच्या स्वयंपाकाचा वास कुणाच्या खिडकीत शिरला, यावरून रोज कुठे ना कुठे वाजतंच. रस्त्यात एकमेकींकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बायका तलावावर मात्र एकाच शॉवरखाली "अहो, जरा सरका की" करत उभ्या असतात. मावशीचं म्हणणं असं, की टोपी घातली की सगळ्यांची डोकी सारखीच दिसतात, सोललेल्या कांद्यासारखी. "कोण कुठली हे कपड्यांवरून, चपलांवरून कळतं. ते मी बाहेरच काढून ठेवायला लावते. मग भांडायचं कशावरून?"

ती भोळी आहे असं मात्र कुणी समजू नये. भांडणं आतही होतात, आणि निम्मी तिच्याशीच होतात. शिंपीणबाईंचंच घ्या. या बाई बाजाराच्या टोकाला शिलाईचं दुकान चालवतात. त्यांच्या घरात बायकांनी अंगभर कपडे घालायची रीत, म्हणून पहिल्या दिवशी त्या सैल सुती कपड्यांतच पाण्यात उतरायला निघाल्या. मावशीनं अडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडवलं. तिसऱ्या दिवशी बाई भडकल्या.

"अंग दाखवल्याशिवाय तुमच्या तलावात पाऊल टाकायचं नाही, असं आहे का?"

"झाका हो, डोक्यापासून नखापर्यंत झाका," मावशी म्हणाली, "पण नायलॉननं झाका. सुताचे धागे सुटतात आणि गाळणीत अडकतात. मला धाग्यांशी घेणं आहे, अंगाशी नाही."

आठवड्याच्या आत शिंपीणबाई मानेपासून घोट्यापर्यंतचा निळा नायलॉनचा पोशाख शिवून आल्या. मावशीनं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि बाजूला झाली. वर्षभरात निम्म्या बायकांनी त्यांच्याकडून तसे पोशाख शिवून घेतले. त्यात उंच इमारतीतल्याही होत्या. कारण त्या पोशाखात पोट दिसत नाही.

हे सगळं चाललेलं असताना एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नव्हती. मावशीला पोहता येत नव्हतं. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बुडणारीला काढायला वेगळी जीवरक्षक बाई होती. ती निवृत्त झाली, जागा काही भरली नाही, आणि दुसऱ्या तलावावरची एक मुलगी उसनी येऊ लागली. मग यंदा मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. काठावर काम करणाऱ्या प्रत्येकाला तलावाची एक आडवी फेरी, म्हणजे रुंदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, पोहता आली पाहिजे. मध्ये थांबायचं नाही, कशाला धरायचं नाही. महिन्यानं परीक्षा. जो नापास होईल त्याची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भांडारात.

भांडार म्हणजे जायला दोन बस, यायला दोन बस. काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, नजर गेलीय. तलाव घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणून ती दुपारी घरी जाऊन त्यांना जेवायला वाढते, डोळ्यांत औषध घालते आणि परत येते. मुलगा परगावी असतो. मी शनिवारीच मोकळी असते. भांडारात बदली झाली तर दिवसभर काकांचं काय, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

काका म्हणाले, "मी करीन माझं. आंधळा झालोय, लुळा नाही."

"परवा गॅसवर रिकामी कढई कोण तापवत बसलं होतं?"

"ती तू ठेवली होतीस."

"मी ठेवली होती, बंद करायला तुम्ही विसरलात," मावशी म्हणाली.

तलावावर तिनं ते परिपत्रक स्वतःच्या हातानं फलकावर लावलं, कारण लावायचा नियम होता. बायकांनी वाचलं. बाजारातली बेकरीवाली पाण्यातूनच ओरडली, "शिट्टीबाई, तुम्हाला काय, तुम्ही तर मासोळी असाल!"

मावशी खुर्चीतून म्हणाली, "मला येत नाही."

"काय येत नाही?"

"पोहता."

बेकरीवालीच्याच नाकातोंडात पाणी गेलं.

दुसऱ्या दिवसापासून वेळ संपल्यावर सगळ्या जणी तिच्या गुरू झाल्या. मीही त्या शनिवारी होते. मावशी उथळ भागात दांडी धरून उभी, अंगात शिंपीणबाईंनी शिवलेला काळा पोशाख, डोक्यावर टोपी, आणि भोवती पाचसहा बायका. बेकरीवाली म्हणाली, पाय मार, जोरात मार. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या म्हणाल्या, पाय मारायचे नाहीत, बेडकासारखे दुमडायचे. एक जण म्हणाली श्वास धर, दुसरी म्हणाली सोड. प्रत्येकीची बोली वेगळी, हातवारे वेगळे. मावशी आज्ञाधारक. तिनं सगळ्यांचं एकदमच ऐकलं आणि सरळ तळाला गेली.

वर आल्यावर खोकत म्हणाली, "तुम्ही आधी आपापसात मिटवा, मग मला बोलवा."

बायकांना हसू आवरेना. मुख्याध्यापिका आणि बेकरीवाली मात्र बेडकावरून खरंच भांडल्या. दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या.

शेवटी शिंपीणबाईंनी काम हातात घेतलं. त्या स्वतः मोठ्या वयात शिकलेल्या, त्यामुळे भीती कुठे असते हे त्यांना आठवत होतं. त्यांनी ना हात सांगितले ना पाय. मावशीला पाठीवर निजवलं आणि डोक्याखाली तळवा धरला. म्हणाल्या, "काही करू नका. वर बघा."

"बुडेन ना!"

"माझ्या हातात डोकं आहे. बुडालात तर मला चौथ्यांदा अडवणार कोण?"

आठवडाभर तेवढंच. मग उपडं तरंगणं, मग दांडीला धरून पाय, मग दोन हात. मावशी घरी येऊन पाटावर पोट टेकून हात मारायची आणि काका ऐकून विचारायचे, "कुठवर पोचलीस?" ती म्हणायची, "स्वयंपाकघरापर्यंत."

पण आडवी फेरी काही जमेना. अर्ध्यावर गेलं की तिचा दम संपायचा आणि पाय खाली जायचे. उथळ आणि खोल भागाच्या मध्ये रंगीत फुग्यांचा दोर बांधलेला असतो, त्या दोराला लागूनच ही फेरी मारायची. पाणी तिथे तिच्या हनुवटीपर्यंत. प्रत्येक वेळी अर्ध्यावर तिचा हात आपोआप दोराकडे जायचा.

परीक्षेच्या दिवशी मुख्य कार्यालयातून एक परीक्षक बाई आल्या. बायकांची वेळ होती, पण पाण्यात कुणी नव्हतं. सगळ्या काठावर रांगेनं उभ्या, टोप्या घालून. मी रजा काढून गेले होते. परीक्षक बाईंनी "सुरू करा" म्हटलं आणि मावशी निघाली. हात, श्वास, हात. अर्धं अंतर गेलं. तिची मान वर यायला लागली. मग एकदम पाणी उडालं, तिचा डावा हात दोराच्या बाजूला गेला, पुन्हा सुटला, आणि ती कशीबशी पलीकडे पोचली.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षक बाईंच्या बाजूनं दोर नीट दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "मध्ये काय झालं? दोर धरला होता का?"

"नाही हो," बेकरीवाली म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं. लाट आली फक्त."

"लाट," मुख्याध्यापिकाही म्हणाल्या. आयुष्यभर मुलांना खरं बोला सांगितलेल्या बाई. बेडकावरच्या भांडणानंतर दोघींचं प्रथमच एकमत झालं होतं.

मी पाहिलं होतं. मीही मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर काका होते.

मावशी भिंतीला धरून धापा टाकत होती. "धरला होता," ती म्हणाली. "मॅडम, दोर धरला होता मी."

शिंपीणबाईंनी कपाळावर हात मारला. परीक्षक बाईंनी पेन थांबवलं, घड्याळ पाहिलं. "मग नापास लिहावं लागेल. नाहीतर आत्ता पुन्हा पोहा. परत यायला मला वेळ नाही."

"आत्ता? दमलीय ती!" मी म्हणाले.

"पोहते," मावशी म्हणाली.

पाच मिनिटं ती भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. शिंपीणबाई पलीकडच्या टोकाला जाऊन काठावर गुडघे टेकून बसल्या. या वेळी मावशी घाई न करता निघाली. अर्ध्यावर तिचे पाय खाली जायला लागले तेव्हा ती दोराकडे वळली नाही. ती उताणी झाली. पाठीवर पडून, तोंड वर करून, काही न करता क्षणभर तरंगली. मग पाठीवरच पडून पाय मारत, वेडीवाकडी, पाचोळ्यासारखी पुढे सरकू लागली. शेवटी तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"हे पोहणं झालं का?" परीक्षक बाईंनी स्वतःलाच विचारलं. त्यांनी परिपत्रक काढून वाचलं. कसं पोहायचं ते त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि तरंगणं म्हणजे थांबणं असंही नव्हतं. त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सही केली.

बेकरीवाली भांडायलाच उठली. "पहिल्यांदाच गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? आमचा जीव टांगणीला लावलात!"

मावशी डोकं चोळत होती. "आणि उद्या तुमच्यातली एखादी बुडायला लागली, ती उसनी मुलगी आलेली नसली, तर तिला काय सांगू? थांब गं, मी दोर धरून येते?"

बेकरीवालीनं टोपी कानांवर खाली ओढली.

"बघताय काय? तुमची वेळ संपत आलीय," मावशी म्हणाली, "उतरा." एकेक करून सगळ्या उतरल्या. ती मात्र लगेच वर आली नाही. काकांच्या जेवणाला अजून थोडा अवकाश होता. ती त्या सगळ्यांच्या मधोमध, हनुवटीपर्यंतच्या पाण्यात, तशीच उभी राहिली.