डोंगर कुणी पेटवला?

जळक्या गवताचा वास आला की माझ्यापुढं अजून तो काळा पडलेला डोंगर उभा राहतो. आपल्या शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे आणि मी साधी महिला शिपाई होते. खांद्यावर फौजदाराचे तारे यायला बरीच वर्षं होती. ठाणं दौलताबादच्या पलीकडं, डोंगररांगेच्या पायथ्याला. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस बघा. एकीकडं वाळूजला कारखाने उभे राहत होते, गावोगावची पोरं कामाला लागत होती. आणि त्याच गावांत माणूस माणसाकडं तिरक्या नजरेनं बघायचा. आमची जीप दिसली की पारावरचं बोलणं थांबायचं.

त्यात डोंगर पेटला. वारं फिरलं, जाळ खाली उतरला आणि गावातल्या कडब्याच्या गंज्या गेल्या. सकाळी ठाण्यापुढं ही गर्दी, आणि सगळ्यांचं बोट गावाबाहेरच्या दलित वस्तीकडं. दुपारी खबरही आली. घाटाखालचे चहावाले चाचा आमच्या ठाण्याच्या साहेबांच्या कानाशी लागले, "साब, वो कंपनीवाला छोकरा कल डब्बा लेके ऊपर जा रहा था. मेरा नाम मत लेना."

पोरगा वस्तीतलाच. कंपनीत त्याची कायम व्हायची वेळ आलेली. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेलीच; आणि वस्तीवर काय ओढवलं असतं ते सांगायला नको. बाहेर माणसं काठ्या घेऊनच बसली होती.

"डोंगरावर गेला होतास?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब."

"आणि डबा?"

"कसला डबा?"

खोटं बोलत होता. उत्तर द्यायच्या आधी जो दाराकडं बघतो, त्याच्या पोटात काहीतरी असतंच. मी पाण्याचा पेला पुढं केला, तर त्याच्या नखांत निळा रंग!

"काय रंगवलंस रे वर?"

त्यानं मान खाली घातली. "खडकावर लिवलं, ताई. नामांतर झालंच पाहिजे, असं. रस्त्यावरनं दिसावं म्हणून."

"मग सांगायचं की सरळ!"

"बाहेर काठ्या घेऊन बसलेत, त्यांना ऐकू जाईल असं सांगू?"

साहेबांना ते पटेना. "रंगाचा डबा नेणारा काडीपेटी नेत नाही होय?" म्हणाले. बोलणं काही चुकीचं नव्हतं.

पंचनाम्यासाठी मला जीपनं वर पाठवलं. खडक सापडला. निळी अक्षरं धुरानं काळीठिक्कर पडलेली. जे लांबून दिसावं म्हणून पोरगा एवढा चढला, ते तो स्वतःच कशाला काळं करील? पण हा काही पुरावा नव्हे.

तशीच पुढं खिंडीतल्या धनगरवस्तीवर गेले. मेंढरं खाली उघड्या मुरमावर कोंडलेली. एकाचीही लोकर होरपळलेली नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मेंढरं कधी उतरवली वरनं?"

"जाळाच्या आदल्या दिशी," सून बोलून गेली. म्हाताऱ्या सासूनं तिला डोळ्यांनीच दटावलं.

"वर गुडघाभर गवत असताना?"

खाटेवर एक लहान पोरगी बसली होती, आजारातून नुकती उठलेली, मनगटाला हळदीचा दोरा. मग माझ्या ध्यानात आलं. लेकरू बरं झालं की डोंगराला जाळाची आंघोळ घालायचा नवस त्या बाजूला बोलतात. आणि आपली मेंढरं कुणी जाळात ठेवत नाही.

"आजी, खाली एक पोरगं कोठडीत हाय."

"कशापायी?"

"डोंगर त्यानं पेटवला म्हणून."

म्हातारी उठली. सुनेनं तिचा पदर धरला. "आत्याबाई, नगा बोलू! हिरवं फुटंस्तोवर नवस सांगायचा नाय. पोरीचं काय व्हईल?"

म्हातारीनं नातीच्या तोंडावरून हात फिरवला. "त्याला बी आई असंल की गं," म्हणाली, आणि जीपकडं चालू लागली.

ठाण्यापुढं उतरून तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "म्या लावला जाळ. वारं फिरंल असं वाटलं नव्हतं. पोराला सोडा."

काठीवाल्यांतला एक ओरडला, "म्हातारे, तुला कुणी पढवून आणलं?"

"तू जन्मलास तवा तुझ्या बापानं बी ह्याच डोंगराला जाळ दिला व्हता. त्याला कुणी पढवलं व्हतं रं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्या गड्यानं काठी खाली टेकवली.

पोरगा सुटला, कामावर गेला. म्हातारीवर वनखात्याची केस झाली. ती तारखेला आपल्या पायानं यायची. मी एवढंच शिकले, की सगळं गाव एकाकडं बोट दाखवतं तेव्हा दुसऱ्या बाजूला कुणी बघितलेलंच नसतं. पोलिसानं आधी तिकडं जावं.

पुढं बंदोबस्ताला त्या घाटातनं गेलं की माझी नजर आपोआप वर जायची, ती नवसाची पोरगी दिसते का म्हणून. मेंढरांमागं दिसली, की मगच मी जीपवाल्याला म्हणायचे, "चल."