खरपुडीचा महिना

लहानपणी आम्ही पठारावर खरपुडीचे कंद उकरून खायचो. परकराला पुसायचा आणि कचाकच चावायचा. चव काकडीची, वर थोडी माती. तिचं फूल म्हणजे बोटाएवढा हिरवट कंदील. नागपंचमीला झोके खेळून झाले की आम्ही मुली ते बघायला वर पळायचो. त्या दिवसांसाठी जीव अजून तुटतो.

तळेगावच्या शाळेतून निवृत्त होऊन मी गावी आले, तेव्हा मला गावच्या जैवविविधता समितीत घेतलं. पठारावर बंगले बांधायचं घाटत होतं. पाहणीत ही दुर्मीळ खरपुडी सापडली, तरच पठार राखीव करण्याचा आमचा प्रस्ताव पुढे जाणार होता. नोंदवहीत फुलण्याचा काळ विचारला होता. मी बेधडक लिहिलं, नागपंचमीचा आठवडा. उत्तर येत असलं की कुणाला विचारायचं नाही, ही आम्हा मास्तरणींची खोड.

पाहणीची मंडळी त्या आठवड्यात आली आणि दिवसभर धुक्यात वाकून फिरली. नुसतं गवत. 'आढळली नाही' असा शेरा पडला आणि प्रस्ताव बारगळला.

तणतणत मी आबांकडे गेले. त्यांनी जन्मभर त्याच पठारावर गुरं चारली आहेत. खरपुडी संपली, म्हटलं.

"संपती कशाला? पाऊस आता पयल्यावानी येळेवर न्हाई. गणपती गेल्याबिगर ती फुलत न्हाई, आन् फुलाबिगर गवतात वळखू येत न्हाई. लय वर्सं झाली की."

नोंदवहीच्या कागदावर झाडाची जागा होती, महिना होता. पाऊसच सरकला तर काय, याला रकाना नव्हता. पण कागदाला बोल लावून काय उपयोग? हवामान बदलावर वर्गात फळा भरभरून शिकवलं मी, आणि माझ्या आठवणीतला पाऊस मात्र जागचा हलू दिला नाही.

विसर्जनानंतर आम्ही दोघं वर गेलो. निम्म्या पठारावर जेसीबी फिरला होता. उरलेल्या भागात फक्कीने प्लॉटच्या रेघा आखलेल्या, आणि एका रेघेला लागून तीन फुलं उभी. मी फोटो काढले. नवा अर्ज करायचाच होता.

आबा दगडावर टेकले होते. "पोरी, त्या सायबांना नागपंचमीला या म्हून कुणी सांगितलं?"

"मीच, आबा."