शंभर रुपयांची कपात

कपातकाका खुर्चीत बसलेले मला आठवत नाहीत. हिंगोलीत माझं टायपिंगचं दुकान आहे. ते येणार असले की मी एक खुर्ची मुद्दाम पुसून ठेवायची. पण हे आपले दारापासून प्रिंटरपर्यंत येरझारा घालत मजकूर सांगणार. मध्येच थांबून "वाच बरं परत" म्हणणार आणि मी वाचायला लागले की पुन्हा चालू. दुकानातल्या प्रत्येक पेनाचं टोपण त्यांनी चावून ठेवलेलं होतं. "काका, बसा की जरा," म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "बसल्यावर सुचत न्हाई गं पोरी. बसायला तिकडं मुंबईत लोकं हायत."

आमच्या आमदारसाहेबांचे ते स्वीय सहायक. बावीस वर्षं एकाच साहेबांकडे काढलेली. दुसरे सहायक बदल्यांच्या चिठ्ठ्या आणि उद्घाटनांच्या तारखा सांभाळतात. यांना नाद राज्याच्या अर्थसंकल्पाचा. मार्चमध्ये मुंबईहून पुस्तकांचा गठ्ठा आला की साहेब त्याची दोरीसुद्धा सोडत नसत. काका मात्र एकूण एक पुस्तक वाचायचे, तेही शेवटच्या पानाकडून. "म्होरच्या पानावर सरकारला सांगायचंय ते असतंय," म्हणायचे. "जे सांगायचं न्हाई ते मागं."

अशाच एका मागच्या पानावर त्यांना तो पूल सापडला. डोंगरकडा गावाच्या पुढे एक लहान खेडं आहे. गाव ओढ्यापलीकडे, दवाखान्याची वाट अलीकडे. पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी उतरत नाही. पुलाचं नाव पुस्तकात होतं आणि त्यापुढे तरतूद होती एक हजार रुपये. कामाचं नाव यादीत राहावं म्हणून असा किरकोळ आकडा टाकून ठेवायचा, खरे पैसे मागाहून बघू, अशी ती रीत. काकांनी माझ्या टेबलावर पुस्तक आपटलं. "हजारात भूमिपूजनाचे पेढे तरी येतेत का? अन् साहेब गावात सांगून राहिले, पूल मंजूर हाय."

त्यांचं नाव कपातकाका पडलं ते त्यांच्या कपात सूचनांमुळे. खातं सभागृहाकडे वर्षाचे पैसे मागतं, त्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, अशी सूचना आमदाराने द्यायची. ते शंभर रुपये कोणालाच नको असतात. पण त्या निमित्ताने तक्रार सभागृहात मांडता येते आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. मला हे काही केल्या पटेना. काका म्हणाले, "शंभराची कपात म्हंजे दाराची कडी. वाजवायची असती, उपटायची न्हाई." पुलाची सूचना त्यांनी माझ्याकडून चार वेळा टाइप करून घेतली. चौथ्यांदा मी चिडले, तर म्हणाले, "चिडून टाईप कर. चांगलं उमटतंय."

सूचना गेली, आणि कोणीतरी तिचा फोटो त्या गावात पाठवला. चौथ्या दिवशी पाच-सहा माणसं माझ्या दुकानात हजर. पुढे गयाबाई. पन्नाशीची बाई, सून पाच महिन्यांची गरोदर. काका दारातच उभे होते. गयाबाईंनी पदराची गाठ सोडून शंभराची नोट टेबलावर ठेवली.

"आमच्या पुलाचे शंभर रुपये तुमी काहून कापून राहिले? गावानं मिळून आणलेत. हे घ्या, अन् पूल ऱ्हाऊ द्या."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण काकांचा चेहरा बघवत नव्हता. मग नोट परत देत त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सगळी रीत समजावली. गयाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पानी येयाच्या आत व्हईल का?" काका म्हणाले, "बोलनं तर व्हईल." बावीस वर्षांत दिलेला तोच एक शब्द असेल, जो त्यांच्या हातात नव्हता.

बांधकाम खात्याची मागणी शेवटच्या दिवसावर ढकलली गेली. त्या दिवशी उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. मोबाइलवर कामकाज दिसत होतं. हजारो कोटी माझा चहा निवायच्या आत मंजूर झाले. पुलाची सूचना बाकीच्यांबरोबर बाद. काका दुकानाबाहेर गेले, आत आले, पुन्हा बाहेर गेले.

पावसाळ्यात गयाबाईंच्या सुनेला कळा लागल्या तेव्हा ओढा भरून वाहत होता. पाणी उतरेपर्यंत बाळ गेलं. काकांनी मला हे दारातूनच सांगितलं आणि ते थांबले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलेनासे झाले, जणू माझ्या टायपिंगमध्येच काही चुकलं होतं. मला राग आला, आणि त्यांची दयाही आली.

तोवर विरोधात असलेले साहेब पुढच्या मार्चआधी सत्ताधारी बाकांवर जाऊन बसले. काकांनी पुलाची सूचना पुन्हा समोर ठेवली, तर साहेब म्हणाले, "आता सरकार आपलं आहे काका. आपल्याच सरकारवर कपात कशी?" काका म्हणाले, "सरकार तुमचं झालं साहेब. वढा हाय तिथंच हाय." सही मिळाली नाही. तो कागद घेऊन ते सरळ माझ्याकडे आले आणि साहेबांच्या जागी शेजारच्या जिल्ह्यातल्या विरोधी आमदाराचं नाव टाकायला सांगितलं. माझा हात थबकला.

"काका, नोकरी जाईल."

"तू टाईप कर."

या वेळी मागणीवर चर्चा झाली. ते आमदार पुलावर जेमतेम दोन मिनिटं बोलले, मंत्र्यांनी पूर्ण तरतुदीचा शब्द दिला. साहेबांनी काकांना फोन केला, "उद्यापासून येऊ नका." काका वाशिमला लेकीकडे निघून गेले. जाताना दुकानात आले, तर निरोपाचं राहिलं बाजूला, माझ्या प्रिंटरची शाई संपत आलीय हेच सांगत बसले.

त्या वर्षीच पुरवणी मागण्यांत, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशांत, पुलाचा खरा आकडा आला. मी आनंदाने फोन केला. काका खूश झाले नाहीत. "छापलं म्हंजे बांधलं न्हाई. खर्ची पडलं का ते पुढल्या पुस्तकात बघ. ते कोनी बघत न्हाई." दिवाळीनंतर त्यांच्या लेकीचा फोन आला. सकाळी अंगणात फेऱ्या मारता मारताच गेले. मी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. शटर आतून ओढून घेऊन पोटभर रडले.

या मार्चचं पुस्तक मी स्वतः मागवलं. शेवटच्या पानाकडून वाचायला दोन दिवस लागले. पूल सापडला. मागच्या वर्षीच्या खर्चाच्या रकान्यात लिहिलंय, निरंक, म्हणजे एक रुपयाही खर्च नाही. काल मी कपात सूचना टाइप केली, मजकूर सांगायला कोणी नसताना. शेजारच्या जिल्ह्यातले ते आमदार सही देतात का, हे विचारायला उद्याची पहिली गाडी धरणार आहे. गयाबाईंची सून पुन्हा पोटुशी आहे. आषाढात दिवस भरतील.