खालच्या गावाला कळवा

तायडे बाईंना तोंडी हुकूम ऐकू येत नसे. कान उत्तम होते. भरल्या नदीच्या आवाजातही पलीकडच्या काठावरची हाक त्यांना कळायची. पण एखादा साहेब "एवढं करून टाका" म्हणाला, की बाई शांतपणे कोरा कागद त्याच्यापुढे सरकवत आणि म्हणत, "लिहून द्या." म्हणून ऑफिसात त्यांचं नाव लेखीबाई पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं. एकदा मलाच म्हणाल्या, "नाव चांगलं हाय भाऊ. पर तेही कोनी तोंडावर म्हनत नाई."

नद्यांची पातळी मोजणं हे आमच्या खात्याचं काम. मी तिवशाचा, त्या बाळापूरकडच्या. पूर्णेवर आम्ही काही वर्षं एकत्र काढली आणि मग दोघांचीही बदली देशाच्या पार टोकाला, सरहद्दीजवळच्या एका नदीवर झाली. ही नदी आमच्या ठाण्यापासून थोडं पुढे गेली की शेजारच्या देशात शिरते. पावसाळ्यात दिवसातून तीनदा पाण्याची पातळी पलीकडच्या ऑफिसला फोनवर कळवायची, असा दोन्ही देशांचा जुना ठराव होता. हे काम बाईंकडे आलं. पलीकडे एक म्हातारा आवाज असे. बाई आकडा सांगत, तो मोडक्या हिंदीत परत म्हणून दाखवी आणि फोन ठेवी. चार पावसाळे हा व्यवहार चालला, पण एकमेकांचं नाव कुणी विचारलं नाही.

आमच्यासाठी ते रोजचं काम होतं, बाईंसाठी नव्हतं. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून सगळा जीव नदीवर. बाई लहान असताना एका सकाळी त्यांचे मामा बैलजोडी घेऊन नदी ओलांडत होते आणि वरून लोंढा आला. पाणी चढतंय हे वरच्या गावाला पहाटेपासून ठाऊक होतं. पण दोन गावांचं बंधाऱ्यावरून भांडण होतं, म्हणून कुणी निरोप पाठवला नाही. मामा सापडले नाहीत. बैल सापडले. हे सांगताना बाईंचा आवाज हलत नसे. त्या एवढंच म्हणत, "वरच्या गावात वाईट मानसं नोती. फक्त गप बसली."

चौथ्या पावसाळ्यात सरहद्दीवर गोळीबार झाला. दोन्हीकडची माणसं मेली. आमच्या ठाण्याजवळच्या बाजारातही लोक शेजारच्या देशाचं नाव दात खाऊन घेऊ लागले. त्यातच वर डोंगरात पाऊस कोसळला आणि नदी तासातासाला चढू लागली. सकाळी वरच्या ऑफिसातून एका मोठ्या साहेबांचा फोन आला. दोन-चार दिवस पलीकडे काही कळवू नका, फोन लागत नव्हता असं समजा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहब, फोन तो लग रहा है। नहीं लग रहा, ऐसा लिखना हो तो आपके दस्तखत से भेजिए।" साहेबांनी फोन आपटल्याचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू, त्यांना आवरायचा मीच जास्त प्रयत्न केला. तुमची नोकरी जाईल म्हटलं, देशद्रोही म्हणतील म्हटलं, दोन दिवसांनी काय बिघडतं म्हटलं. बाई नोंदवही ओढून लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गोळी झाडनारा त्या पान्यात वाहून जानार नाई. खाली कोनी बाई चूल पेटवून राहिली असंन, ते जाईन." नोंदवहीत त्यांनी लिहिलं होतं: पातळी कळवू नये अशी तोंडी सूचना मिळाली. लेखी मागितली. मिळाली नाही. आठ वाजता कळवत आहे.

मग त्यांनी फोन लावला. म्हाताऱ्याचा आवाज त्या दिवशी लाकडासारखा कोरडा होता. पण त्यानं प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवला. बाईंनी नेहमीच्या तीन वेळांचं बंधन सोडलं आणि पूर ओसरेपर्यंत दर तासाला कळवलं. खाली किती माणसं वाचली, हे आम्हाला कधी समजलं नाही. पुढे मी विचारलं, तिकडून आभाराचं काही पत्र आलं का? बाई म्हणाल्या, "पत्रासाठी केलं का?"

बाईंना नोटीस मिळाली आणि शिक्षा म्हणून त्यांना अकोल्याला, जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं. "मानूस जलमभर अकोल्याची बदली मागते, मले फुकटात भेटली," असं म्हणत त्या गेल्या. तिथं त्यांना काम दिलं नव्हतं. त्यांनी ते रोज लेखी मागितलं. तीन वर्षांनी नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. त्यात कारण नव्हतं. बाईंनी कारण विचारणारा अर्ज केला. त्याचं उत्तर यायच्या आत त्या निवृत्त झाल्या.

गेल्या वर्षी पुन्हा तशीच हवा तापली होती. अमरावतीच्या एका कॉलेजात नद्यांवर बोलायला बाईंना बोलावलं. माझीही बदली तोवर अमरावतीला झाली होती, म्हणून मी सोबत गेलो. आधीचा वक्ता म्हणाला, शेजाऱ्यांचं पाणी तोडा, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई उठल्या आणि विहारात लहानपणापासून ऐकलेली रोहिणी नदीची गोष्ट सांगू लागल्या. नदी एक, तिच्यावर जगणारी राज्यं दोन, शाक्यांचं आणि कोलीयांचं. पाण्यावरून भांडण पेटलं, तेव्हा शाक्यांच्या सभेत सगळे युद्धाच्या बाजूनं उभे राहिले. एकच तरुण नाही म्हणाला. त्याला घर सोडावं लागलं; पुढे जगानं त्याच्यापुढेच हात जोडले. सभागृहात मागच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली होती. आयोजकांनी आवरतं घ्या अशी चिठ्ठी पाठवली. ती वाचून बाईंनी घडी केली आणि विचारलं, "त्या दिवशी युद्धाले हो म्हननाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव तुमच्यातल्या कोनाले मालूम हाय का?"

अर्धं सभागृह उठून गेलं. उरलेल्या अर्ध्यापुढे बाई ठरलेला सगळा वेळ बोलल्या.

परतताना त्यांना घरी पोचवायला मीही अकोल्याच्या एसटीत बसलो. गाडी थांबली की कोण चढतंय, ते त्या मान वळवून पाहत होत्या. मी कारण विचारलं. "भेव लागते भाऊ," त्या म्हणाल्या. "लागत नाई असं नोको समजू." इतक्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं.

यंदाच्या थंडीत त्या गेल्या. विहारात माणसं मावत नव्हती. आमच्या खात्यातले मात्र आम्ही तिघंच होतो.

महिन्याभरापूर्वी मी सरहद्दीवरच्या त्या ठाण्याची बदली मागितली. बायकोनं दोन दिवस भांडण काढलं. साहेबांना वाटलं, अर्जात गावाचं नाव चुकलंय. लोक तिथून इकडे यायला धडपडतात, तुम्ही उलटं काहून, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "इथं पूर आला तर सांगायला शंभर जण आहेत. तिथं खालच्यांसाठी एकच फोन आहे, आणि सध्या त्याच्यापाशी बसायला कोणी तयार नाही. मी बसतो."

त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली. सोमवारची गाडी आहे.