नील्दाची तोंडी परीक्षा

रोसारिओ शहरात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो मानसशास्त्रज्ञालाच लागेल, असं ओस्वाल्दो बसच्या गॅरेजात सगळ्यांना सांगायचा. मग त्याच्याच बायकोने पन्नाशीच्या उंबरठ्यावर मानसशास्त्राच्या पदवीला नाव घातलं आणि गॅरेजात तेच वाक्य त्याला ऐकावं लागलं.

नील्दा बायकांचे केस कापायची आणि लहानपणापासून अडखळत बोलायची.

"अगं, तुझं एक वाक्य संपेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल!" ओस्वाल्दो हसायचा.

"म-मग बरंच की! बरा व्हायलाच येतो ना तो?"

वाचनात ती कुणाला हार जायची नाही. घोडं अडायचं तोंडी परीक्षेत. पहिल्या वर्षाचे विषय तिने कसेबसे रेटले. पण मनोविश्लेषणाच्या परीक्षेत समोर तिघं प्राध्यापक बसले आणि शब्द घशातच रुतला. ती उठून बाहेर आली. त्या संध्याकाळी तिने माते केला, रोज दोघं एकाच भांड्यातून प्यायचे तो कडू चहा, पण ओस्वाल्दोला विचारलंसुद्धा नाही; एकटीच पीत बसली.

त्या तीन परीक्षकांपैकी सोल्दानोबाई चांगल्या होत्या. "लेखी दे, मी परवानगी काढते," म्हणाल्या.

"देऊन टाक की," ओस्वाल्दो म्हणाला. "सुटशील एकदाची!"

"ज्याला ब-बोलता येत नाही, तोच उद्या माझ्यासमोर बसणार. त्याला काय क-कागद देऊ?"

पुढच्या खेपेला तो रजा काढून दाराबाहेर उभा राहिला. आत नील्दा बोलत होती, थांबत होती. ती अडली की पुढचा शब्द त्याच्या ओठांवर यायचा. लग्न झाल्यापासून तिची वाक्यं तोच तर पुरी करत आला होता! आत मात्र कुणी मदतीला धावत नव्हतं. सगळे गप्प बसायचे, आणि शब्द आपल्या वेळेने यायचा. कित्येकदा तर त्याच्या मनातला नसायचाच, वेगळाच आणि जास्त नेमका. इतकी वर्षं आपण हिच्या तोंडचा घास काढून घेतला, हे त्याला तिथे भिंतीला टेकून उभं असताना कळलं.

दार उघडलं. "प-प-" नील्दाचे डोळे भरले होते.

ओस्वाल्दोने दात घट्ट आवळले.

"पास!"

शेवटचा विषय सुटायला आणखी सात वर्षं गेली. तिथल्या रिवाजाप्रमाणे मैत्रिणींनी तिला भर रस्त्यात अंडी नि पिठाने माखलं. पहिलं अंडं ओस्वाल्दोनेच फोडलं. आता ती वस्तीतल्या दवाखान्यात बसते. लोक तिच्याकडे येतात, आपल्या वेळेने बोलतात, आणि घाईने कुणीच उठत नाही.