हेक्झेन सर आणि माझा सहावा प्रकार

हेक्झेन सर वर्गात शिरायच्या आधी त्यांचा वास यायचा. पेट्रोलपंपावर येतो तसा, पण हलका. पिशवीत हेक्झेनची बाटली असायचीच. पहिल्या तासाला ते प्रत्येकाच्या पंजावर एक थेंब सोडत. थेंब गार लागे आणि काही बोलेपर्यंत उडून जाई. त्यांचं खरं नाव आता लातुरात कुणाला आठवत नसेल. मला आठवतं, पण मी ते लिहिणार नाही.

तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते आणि रसायनशास्त्र म्हटलं की लोक माझ्या क्लासचं नाव घेत. हेक्झेन सर भूकंपानंतर आले. गावातलं घर पडलेलं, आई अजून पत्र्याच्या शेडमध्ये. पोरं त्यांच्याविषयी हळू आवाजात बोलत. मला त्यांच्या भूकंपाचाही हेवा वाटला. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

त्यांचं सगळं शिकवणं ज्वारीच्या धाटावर चाले. धाटाचा मऊ गाभा, लहानपणी आम्ही ज्याच्या गाड्या करायचो ते भेंड, कापून ते कार्बन करत आणि सालीच्या काड्या खोचून बंध. सहा कार्बनची साखळी पोरांच्या हातात देऊन सांगत, "लांब रेणू शेजाऱ्याला अंगभर चिकटतो, सुटायला लई उष्णता लागते. फांद्या फुटलेला आटोपशीर, लवकर उडतो." बस्स, एवढंच. माझा उत्कलनबिंदूंचा तक्ता घोकणारी पोरं एकेक करून तिकडे गेली. माझी सख्खी पुतणीही गेली.

एका दुपारी ते माझ्याकडे आले. हातात माझ्या छापील नोट्स. सहा कार्बन, चौदा हायड्रोजन, म्हणजे हेक्झेनच. त्यांच्या जोडणीचे मी सहा प्रकार दिले होते. मी म्हणालो, सहाच आहेत, आणि तावातावाने फळ्यावर काढले. सहाव्यात शेवटचा कार्बन खाली वळवला होता. त्यांनी पिशवीतून सरळ साखळी काढली, तिचं टोक वाकवलं आणि माझ्या हातात दिली.

"वाकवलं म्हणून वेगळं झालं न्हाई, सर. धरून बघा, तेच हाय."

प्रकार पाचच होते. ही गोष्ट बाहेर गेली असती तर त्या वर्षी माझा क्लास बसला असता. मी रोज धास्तीत होतो. ते कुणाला एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्याबद्दल तर मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

पुढे ते नांदेडला नोकरीवर गेले. जाताना भेंडांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला, पोरांच्या हातात द्या म्हणाले. मी चहासुद्धा विचारला नाही. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. तोवर मी त्या खोक्यावरच शिकवत होतो, जुनी भेंडं झिजली की नवी कापत होतो. क्लास पुन्हा भरला होता.

परवा एका मुलीने साखळीचं टोक वाकवून विचारलं, हा वेगळा प्रकार ना? मी त्यांचंच वाक्य बोललो, त्यांच्याच बोलीत. तिला एकदम पटलं.

"सर, ही भेंडाची युक्ती कुणाची?"

"माझीच," मी म्हणालो.